‘हात लावा’ असा एक पर्याय

शिरवळच्या आमच्या कारखान्यात टेम्पलेटचं उद्घाटन झालं, तेव्हा नारळ फुटला होता. टेम्पलेट म्हणजे कामाचा तयार तक्ता. ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये तो सगळ्यांना एकाच वेळी दिसतो आणि कुठलं काम कुणाकडे आहे, कुठवर आलंय, ते सांगतो. आमचा तक्ता मुख्य कार्यालयाने करून पाठवला होता. समई लॅपटॉपच्या इतकी जवळ ठेवली होती की आयटीवाला भाषणभर ज्योतीवरच डोळा ठेवून होता. पाहुणे पारदर्शकतेवर बोलले आणि शाल घेऊन पुण्याला परतले.

काही महिन्यांनी त्याच तक्त्यापाशी माझं सांगलीला जाणं अडलं. आईच्या हृदयाची झडप बदलायची होती. ऑपरेशन सोमवारी, आणि मंगळवारी आमच्याकडे ग्राहक कंपनीचं ऑडिट. ऑडिटची तयारी माझ्याकडे. मी एकुलता. आई फोनवर म्हणाली, “तू नाही आलास तरी चालेल हो.” याचा अर्थ मुलाला वेगळा सांगावा लागत नाही. आमचे प्लांट हेड काही वाईट नव्हते. ते म्हणाले, “काय राहिलंय ते तक्त्यात स्पष्ट दिसू दे, मग खुशाल जा.”

तक्ता उघडला. सगळा निळा. निळा म्हणजे ‘इन प्रोग्रेस’. मोजमापाच्या गेजची प्रमाणपत्रं निळी, कामगारांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी निळ्या, आग विझवायची नळकांडीसुद्धा निळीच. इतकी प्रगती एकाच वेळी कुठल्याही कारखान्यात होत नसते.

स्टोअरला गेलो. तिथले इनचार्ज औंधकडचे, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. आवाज अजून परेडचाच.

“सुभेदार, गेजची प्रमाणपत्रं आली का?”

“न्हाई. लॅबवाला फोन उचलंना.”

“मग काम अडलंय तर तक्त्यात लाल ‘ब्लॉक्ड’ का नाही केलं?”

“तांबडं केलं की वर मेसेज जातोय. पार पुण्यापतूर. गेजचं काम क्वालिटीतल्या त्या आटपाडीच्या पोरीच्या नावावर हाय. म्हंजे मी माज्याच मानसाची चुगली करायची व्हय? न्हाई जमायचं.”

“मग मला कळायचं कसं?”

“इचारायचं की! तोंड हाय न्हवं?”

“सोमवारी मी इथे नसेन. आईचं ऑपरेशन आहे.”

सुभेदारांनी पेन खाली ठेवलं. “आरं, मग आदी सांगायचं की गड्या. निळं बघत बसलास व्हय?”

टेबलाशी परत येताना वाटलं, ते बरोबरच बोलत होते. तक्ता करणाऱ्यांनी अडचण आणि तक्रार एकाच रंगात रंगवली होती. आमच्याकडे माणूस अडचण सांगेल. सोबत्याची तक्रार करणार नाही. मेलेल्या म्हशीपुढेही तो ‘चाललंय’ असंच लिहील.

सॉफ्टवेअरमध्ये टेम्पलेटची प्रत काढून ती हवी तशी बदलता येते. ही सोय उद्घाटनात कुणी सांगितली नव्हती. मी ‘ब्लॉक्ड’ काढून टाकलं आणि तिथे ‘हात लावा’ लिहिलं. डोक्यावर भारा घ्यायचा असला की शेजारून जाणाऱ्याला म्हणतात, तेच. रंग पिवळा केला. मेसेज वर न जाता फक्त आमच्याच गटात येईल असं केलं. शेजारी नवा रकाना जोडला: ‘कोण येतंय?’ आणि ही प्रत सगळ्या गटाला पाठवली.

चहापर्यंत निम्मा तक्ता पिवळा झाला. प्लांट हेड धावत आले.

“काल सगळं ठीक होतं. आज एकदम कावीळ कशी झाली?”

“साहेब, कावीळ होतीच. आज रक्त तपासलं.”

ते हसले नाहीत; पण तक्ता बंदही केला नाही. आमच्या डोळ्यांदेखत ‘कोण येतंय?’ भरायला लागला. नळकांड्यांपुढे सुरक्षावाल्याने नाव घातलं. प्रशिक्षणाच्या नोंदी दोघींनी वाटून घेतल्या. गेजपुढे सुभेदारांनी स्वतःचं नाव टाकलं आणि खाली लिहिलं, ‘लॅबच्या दारात जाऊन बसतो’. आटपाडीची ती क्वालिटीतली इंजिनियर माझ्या खुर्चीमागे उभी होती.

“सर, एक ओळ अजून निळीच आहे.”

‘ऑडिटरला लाइनवर फिरवणे.’ पुढे नाव माझं.

“ते मी बघतो काहीतरी.”

“सांगलीतनं? आवं, सगळ्यांना पिवळं करायला लावलं आणि स्वतः तेवढे निळे?”

मी ओळ पिवळी केली. एवढ्याशा गोष्टीला मला सगळ्यांहून जास्त वेळ लागला. तिने माझ्याच कीबोर्डवर वाकून स्वतःचं नाव टाइप केलं. प्लांट हेड मागून म्हणाले, “मीही असेन हिच्यासोबत. तू निघ.”

सोमवारी ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत आईचा हात माझ्या हातात होता. मंगळवारी दुपारी फोनवर कळलं, ऑडिटमध्ये किरकोळ शेरे निघाले, बाकी पार पडलं. सुभेदार लॅबमधून प्रमाणपत्रं घेऊनच उठले होते. तिथे नेमकं काय बोलले, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आमचा तक्ता पुढे मुख्य कार्यालयाने उचलला आणि त्याला भारदस्त इंग्रजी नाव दिलं. त्याबद्दलही माझी तक्रार नाही; समारंभाशिवाय काहींना काही सुचतच नाही.

त्या मंगळवारी दुपारीच मला अतिदक्षता विभागात पाच मिनिटं सोडलं. आईचा आवाज खरखरत होता.

“सुट्टी कुणी दिली तुला?”

मी सांगायला लागलो. एक सुभेदार, एक आटपाडीची मुलगी, सुरक्षावाला, प्रशिक्षणवाल्या दोघी. यादी लांबत गेली तशी तिने डोळे मिटले. झोपली असं वाटून मी थांबलो.

“बोल की,” ती म्हणाली. “जाताना सगळ्यांना भडंग घेऊन जा. आटपाडीच्या मुलीला तिखट चालेल. त्या फौजीला सोसतं का?”

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं तर ती म्हणाली, मग फोन करून विचार, आत्ता. मी तिथेच फोन लावला; नर्सने मला बाहेर काढलं ते त्यावरूनच.