मेहुण्याचं पुस्तक आणि माझं परीक्षण

यशस्वी कसं व्हावं हे सांगणारी पुस्तकं मी पुष्कळ वाचली आहेत. त्यांचा गुण कुणाला येतो का, असं कुणी विचारलं तर मी फक्त माझ्याकडे बोट दाखवतो आणि विषय संपतो. डहाणूच्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. पन्नाशी ओलांडली, पोट तिच्याही पुढे निघून गेलं. तालुक्यातल्या एका साप्ताहिकात ‘नवी पुस्तकं’ नावाचं सदर लिहितो. सदराचं मानधन मिळत नाही, पुस्तकं मिळतात. ही शिक्षा आहे की बक्षीस, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पूर्वी कवितासंग्रह यायचे. ते निदान बारीक असायचे. हल्ली येतात ती प्रगतीची पुस्तकं. मुखपृष्ठावर एक माणूस डोंगराच्या टोकावर हात पसरून उभा. तो तिथे कसा चढला, हे आत कुठेच नसतं. मलपृष्ठावर लेखक, हाताची घडी घालून, उसना वाटावा असा कोट घालून. आत पहिली सूचना ठरलेली: पहाटे चारला उठा. आमच्या नरपडच्या किनाऱ्यावर बोटी लोटणारी माणसं चारला उठतात. गंजाडकडून पहिली एसटी धरून मजुरीला येणाऱ्या बायकाही चारलाच उठतात. बापजाद्यांपासून उठतात. त्यांच्यातलं कुणी डोंगराच्या टोकावर हात पसरून उभं राहिलेलं मी तरी पाहिलं नाही. दिवसभर वाकून त्यांचे हात इतके भरून आलेले असतात की पसरायचं त्राण नसतं.

पण हे असं मी सदरात कधीच लिहिलं नव्हतं. सदरात मी लिहायचो, ‘भाषा ओघवती, मांडणी आटोपशीर, प्रत्येकाने संग्रही ठेवावे असे पुस्तक.’ तालुका लहान. लेखक संध्याकाळी बाजारात भेटतो, त्याच्या हातात कोथिंबीर असते, आपल्याही हातात कोथिंबीर असते. अशा वेळी माणसाने काय खरं बोलावं?

तर माझ्या मेहुण्याने पुस्तक लिहिलं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. इथल्या एका फुग्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. आमच्या गावात फुगे बनतात हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. साचे पातळ रबरात बुडवायचे, सुकवायचे, फुगे सोलून काढायचे, अशी सगळी कामं त्याच्या नजरेखाली चालतात. बरीच वर्षं झाली. शेठचा त्याच्यावर भरवसा आणि बायकामाणसांशी त्याची वागणूक चांगली. सगळं ठीक चाललं होतं. मग त्याला कुणीतरी वापीला एका हॉटेलातल्या शिबिराला नेलं. तिथून तो गळ्यात पट्टा घालून परत आला, आणि परत आला तो वेगळाच माणूस.

आधी तो घरच्यांना सुधारू लागला. आम्हालाही सोडलं नाही. ‘भावजी, तुम्ही कम्फर्ट झोनमध्ये आहात.’ मी खरोखर आरामखुर्चीत होतो, तेव्हा वाद घालता आला नाही. समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायचं, हे तो शिबिरात शिकला होता. एका रविवारी आम्ही दोघं नरपडला मासळी घ्यायला गेलो, तर तिथल्या मासळीवाल्या मावशीपुढे उकिडवा बसून हा तिच्याकडे टक लावून बघत राहिला. ती आधी सरकली. मग म्हणाली, “अरे भाऊ, माझ्या तोंडाकडं काय बघतोस? मावरं बघ. मावरं घ्यायचं का मला न्यायचं?” शेजारच्या बायका टोपल्यांवर हात आपटून हसल्या. मी बोंबील घेतले आणि त्याला ओढून आणलं. वाटेत तो म्हणाला, “नकार हा पहिला धडा असतो, भावजी.”

मग पुस्तक. पालघरच्या कुठल्याशा छापखान्यात स्वतःच्या पैशाने छापलेलं, चकचकीत. प्रकाशनाला हॉलभर फुगे लावले होते. कार्यक्रम संपल्यावर पोरांनी ते फोडले, आणि त्या दिवशी लोकांनी मनापासून भाग घेतला तो तेवढ्यात. आणि प्रकाशनानंतर आठवड्याच्या आत मेहुण्याने कारखान्यातून बिनपगारी रजा घेतली. आता तो पूर्णवेळ व्याख्यानं देणार होता. शेठने त्याला समोर बसवून सांगितलं, ‘महिना संपेपर्यंत बघ. आलास तर जागा तुझी. नाही आलास तर माझ्या भाच्याला बसवतो, तो घरी रिकामाच आहे.’ मेहुण्याची मुलगी बारावीला. त्याची बायको फोनवर माझ्या बायकोशी बोलताना रडायची. रडून झालं की सांगायची, हे चारला उठतात आणि आरशासमोर ‘मी करू शकतो’ म्हणतात, आणि शेजारचा कुत्रा भुंकतो.

एक दिवस बायकोने माझ्यासमोर ते पुस्तक आदळलं.

“यावर लिहा.”

“लिहिणारच आहे. घरचंच आहे.”

“तसलं नाही. खरं लिहा. वाईट आहे असं लिहा.”

“अगं, तुझा भाऊ आहे.”

“म्हणूनच. तो माझं ऐकत नाही, बायकोचं ऐकत नाही. छापलेलं तेवढं खरं, अशी त्याची समजूत झालीय. मग छापूनच सांगा. महिना संपायच्या आत तो कारखान्यात गेला पाहिजे.”

“मी तोंडी सांगून बघतो ना.”

“तुम्ही?” असं म्हणून ती ज्या नजरेने हसली, त्यानंतर मी मुकाट्याने चष्मा लावला.

पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचलं. सदर सुरू केल्यापासून हे प्रथमच घडत होतं, कारण एरवी प्रस्तावना, मलपृष्ठ आणि मधलं एखादं पान एवढ्यावर माझं भागायचं. वाचता वाचता मला राग आला. या पुस्तकात गरुड होता, सिंह होता, आणि बोथट करवतीने झाड कापणारा तो लाकूडतोड्याही होता, जो या असल्या सगळ्या पुस्तकांत कापतच असतो. परदेशातले उद्योगपती होते. दिवाळं निघालेले, मग पुन्हा श्रीमंत झालेले. डहाणू कुठेच नव्हतं. फुग्याचा कारखाना नव्हता. संप झाला तेव्हा याने मधे पडून तो कसा मिटवला, ते नव्हतं. नव्या मुली रबराच्या वासाने उलट्या करायच्या, तेव्हा त्यांना हा दुपारी दाराजवळचं काम द्यायचा, तेही नव्हतं. हे सगळं आम्हाला त्याच्या तोंडून जेवताना ऐकून पाठ झालेलं, आणि पुस्तकात मात्र गरुड.

मी लिहिलं. ‘या पुस्तकात सगळे आहेत, लेखक तेवढा नाही. दुसऱ्यांची वाक्यं गोळा करून एकाखाली एक मांडली की पुस्तक होत नाही, ढीग होतो. वाचकाला झोपेतून उठवू पाहणारं हे पुस्तक त्याला झोप आणतं. लेखकाने आपलं काम सोडून उपदेशाच्या मागे लागू नये, त्यात त्याचं आणि ऐकणाऱ्याचं दोघांचंही भलं आहे.’ बायकोने वाचलं, डोळे पुसले आणि म्हणाली, “बरोबर आहे. पाठवा.”

आमचे संपादक, देव त्यांचं भलं करो, माझा मजकूर कधी वाचत नाहीत. तेच पानं लावतात, तेच छापतात, शनिवारी तेच वाटायला जातात. त्यांना वेळ कुठून असणार? वर्षानुवर्षं मी गोडच लिहितो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी वर ठळक मथळा टाकला, ‘डहाणूच्या सुपुत्राचे प्रेरणादायी पुस्तक’, आणि मेहुण्याचा कोटातला फोटो पाव पानभर लावला. माझा मजकूर त्याच्या खाली बारीक अक्षरांत, चष्म्यावर चष्मा लावावा लागेल इतका.

शनिवारी दुपारपासून माझा फोन वाजायला लागला. ‘मास्तर, काय लिहिलंय!’ ‘घरचा माणूस असून किती मनापासून कौतुक केलंत!’ शाळेत मुख्याध्यापकांनी हात मिळवला. बाजारात किराणावाल्याने गुजरातीतच ‘बहु सारूं’ म्हणून साखरेवर मूठभर साखर जादा टाकली. आमच्याकडे पेपरात नाव आलं म्हणजे मान झाला. नावाखाली काय आहे ते बघायची रीत नाही. मी एका गृहस्थांना न राहवून विचारलं, “वाचलंत का तुम्ही?”

“वाचलं ना! केवढा मोठा फोटो!”

मेहुण्याने ते पान लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावलं. आणि बोलावणी आली. एक कोसबाडकडून, एक गंजाडहून, आणि पहिलं तलासरीच्या बाजूच्या एका शाळेचं. त्या मुख्याध्यापकांनी मलाच फोन करून सांगितलं की तुमचं परीक्षण वाचूनच आम्ही यांना बोलावतोय. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, “तुम्ही खरं लिहिलंत तरी गोडच होतं.”

तलासरीला मी त्याच्यासोबत गेलो, कारण मला प्रमुख पाहुणा केलं होतं. पाड्यापाड्यांतून आलेली मुलं सतरंजीवर दाटीवाटीने बसली होती. मेहुण्याने गरुड उडवला. सिंहाची डरकाळी फोडली. मुलं शांत होती. शिस्तीची मुलं ती, पाहुण्यांसमोर शांतच बसायचं असतं हे त्यांना शिकवलेलं. मग त्याने विचारलं, “सांगा, मोठेपणी कोण कोण आकाशात भरारी घेणार?” सगळ्यांनी हात वर केले. त्याचा चेहरा उजळला. मागे बसलेले सर माझ्या कानाशी म्हणाले, “हात वर केल्यावर सुटतात लवकर, त्यांना ठाऊक आहे.” मी आभाराच्या वेळी उठलो आणि ‘भाषा ओघवती’ म्हणालो. लाज वाटली, पण बोललो.

महिना संपायला एक दिवस उरला. रविवार होता. मेहुणा दुपारी आमच्या घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसला. बायको आत चहा ठेवत होती. मी बरं चाललंय ना वगैरे विचारलं. तो भिंतीकडे बघत म्हणाला, “वाचकाला झोपेतून उठवू पाहणारं हे पुस्तक त्याला झोप आणतं.”

“तू वाचलंस?”

“त्या शनिवारीच वाचलं. पेपर आल्या आल्या. माझ्यावर लिहिलेलं मी नाही वाचणार, तर कोण वाचणार?”

“मग लॅमिनेट कशाला केलंस?”

“फोटो चांगला आलाय.”

आतून भांड्याचा आवाज थांबला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ‘प्रयत्न स्तुत्य’ हे शब्द जिभेवर तयारच होते. वर्षानुवर्षं तिथेच बसलेले असतात ते. पण तो म्हणाला, “भावजी, सगळे छान म्हणतात. बोलावणी येतायत. शेठने मात्र काल निरोप पाठवला, सोमवारी सकाळी येतोस का ते सांग. तुम्ही एकट्याने पुस्तक पुरं वाचलंय. म्हणून तुम्हालाच विचारतो. छापलेलं जाऊ द्या. तोंडाने सांगा. सोडू नोकरी?”

बायको दारात उभी होती, हातात चहाची गाळणी. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी तिच्यासाठी बोललो असतो, आणि त्याने ते ओळखलं असतं.

“नको,” मी म्हणालो.

“पुस्तक एवढं वाईट आहे?”

“हो. पण त्यासाठी नको म्हणत नाही. वाईट पुस्तकं लिहून लोकांनी बंगले बांधलेत. तू तिकडे तलासरीला बोलत होतास ना, त्यातलं एकही वाक्य तुझं नव्हतं. इथे जेवायला बसतोस तेव्हा कारखान्यातलं बोलतोस, आणि आम्ही जेवायचं विसरतो. तिकडे माईक हातात आला की कुणीतरी दुसराच बोलायला लागतो. तो माणूस मला आवडत नाही. त्याच्या जिवावर तू घर चालवशील, असं मला वाटत नाही.”

एवढं लांब आणि खरं मी आयुष्यात कुणाच्या तोंडावर बोललो नव्हतो. मेहुणा रागावला असं वाटलं, आणि रागावलाच होता, कान लाल झाले होते. मग त्याने विचारलं, “मुखपृष्ठ?”

“मुखपृष्ठ चांगलं आहे.”

“ते छापखान्यातल्या पोराने केलं.”

बायको खुदकन हसली, आणि हसू आवरायला आत पळाली. मेहुणा हसला नाही. त्याने चहा मागून घेतला, बशीत ओतला, फुंकर घालून प्यायला. बशी खाली ठेवून म्हणाला, “कोसबाडला आणि गंजाडला तुम्हीच ‘येत नाही’ म्हणून कळवा. तुमच्या लेखामुळे लागलेले कार्यक्रम आहेत.”

“कळवतो.”

“सातची पाळी आहे उद्या. शेठला आत्ता फोन करतो.”

त्याने आमच्या गॅलरीत जाऊन फोन केला, गुजरातीत, दोन-तीन वाक्यांत. आत आला तेव्हा चेहरा पडलेला होता. ते बघून मला वाईट वाटलं, त्याला वाचवल्याचा आनंद वगैरे काही वाटला नाही. चप्पल घालताना तो म्हणाला, “चला माझ्याबरोबर.”

“कुठे?”

“घरी. आमच्या हिला तुम्ही सांगा.”

“अरे, ती खूष होईल! मी कशाला?”

“खूष होईल हेच तर सहन होणार नाही मला,” तो म्हणाला. “आणि तुमचं तोंड आज उघडलंच आहे, भावजी.”

बायकोने आतून माझा शर्ट आणून माझ्या अंगावर टाकला.