वांझ फुलांची भजी

आमच्या परसात भोपळ्याचा वेल होता आणि त्याचं आईला भारी कौतुक. ज्या फुलाच्या बुडाशी बारकासा गोळा असायचा त्याला ती कुणाला बोट लावू द्यायची नाही. भोपळा त्याचाच व्हायचा. बाकीची लांब देठाची फुलं खुडून ती भजी तळायची. त्यांना आमच्या आळीत सगळेच वांझ फुलं म्हणत. मीही म्हणायची. शब्दच तो, कोण विचार करतंय!

वहिनी अक्कलकोटच्या पलीकडची, कानडीत वाढलेली. मराठी आमच्याकडं येऊन शिकली. "पाणी आली" म्हणायची, मी सुधारायची, मग दोघी पोट धरून हसायचो. सख्ख्या बहिणीलाही मी एवढा जीव लावला नसता. पण लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. उपासतापास, झाडपाला, सगळं तिच्याच माथी. शेवटी आईनं मंगळवेढ्याच्या मामाला निरोप धाडला, दादासाठी दुसरी बघ. मामा स्थळ ठरवूनच आला.

दुपारी मामा आणि दादा पाटावर बसले. वहिनी डोक्यावर पदर घेऊन चुलीपाशी.

"लई झ्याक भजी," मामा म्हणाला. "कशाची गं?"

"वांझ फुलांची," आई म्हणाली आणि चुलीकडं बघून पुढं बोललीच, "वांझेचा दुसरा उपेग तरी काय!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वहिनीनं मात्र मान वर केली. भांडायला नव्हे हो! तिला खरंच वाटलं, आज आईच शब्द चुकली.

"वांझ न्हाय, आत्याबाई. आमच्यात त्याला गंडु हू म्हणतेत. हू म्हणजे फूल, गंडु म्हणजे बाप्या. फळ धरतंय ती बाई, हेण्णु हू. हे बाप्या हाय की, त्याला कुटनं फळ येईल?"

'गंडु' ऐकून मला फिस्सकन हसू येणार होतं, पण आईचा चेहरा बघून ते घशातच राहिलं.

"बघितलंस? माझ्या लेकाला बोलती ही!"

तेव्हा कुठं वहिनीला कळलं आपण काय बोलून बसलो. पांढरीफटक पडली बिचारी.

दादा म्हणजे गरीब गाय, आईपुढं कधी ब्र काढला नाही त्यानं. तोंडातला घास गिळून तो म्हणाला, "आई, ती फुलाचं बोलली. पण माझंबी तसंच असलं तर? दुसरी आणून तिलाबी वांझच म्हणणार व्हय तू?"

मामानं पाणी मागितलं. स्थळाचा विषय त्या पाण्याबरोबर त्यानं गिळला तो कायमचा.

वहिनी पदरात तोंड खुपसून रडायला लागली. आमच्यात त्या काळी वडीलधाऱ्यांसमोर नवरा बायकोकडं बघतसुद्धा नसे. दादा खरकट्या हातानं भरल्या ताटावरनं उठला, चुलीपाशी गेला आणि सगळ्यांदेखत तिच्या शेजारी भुईवर बसला.