तात्यांनी चोळलं नाही

वाशीच्या आमच्या मार्केटात गोण्या वाहणाऱ्याच्या पोटात दुखलं की त्याची बेंबी सरकली असंच ठरतं. उपायही ठरलेला, आमच्या टोळीतल्या तात्यांसमोर आडवं व्हायचं. तात्या निवृत्तीला आलेले, माझ्यासारखेच साताऱ्याकडचे. हाताला तेल लावून पोट असं चोळतात की माणूस उठून पुन्हा गोणी उचलतो. मी स्वतः चार-पाच वेळा उठलोय.

त्यामुळे गेल्या वर्षी पोटात डाव्या बाजूला, खाली कळ यायला लागली तेव्हा मी दोन दिवस अंगावर काढले. बायकोनं दवाखान्याचं नाव काढलं तर तिच्यावरच खेकसलो. तिसऱ्या दिवशी अंगात कणकण होती, तरी घणसोलीहून कामावर गेलो आणि रिकाम्या गोण्यांवर शर्ट वर करून पडलो.

तात्यांनी तेलाची बाटली उघडली. पोटावर अलगद तळवा ठेवला, मग कपाळावर ठेवला आणि बाटलीला झाकण लावून टाकलं.

"ह्याला मी हात लावनार न्हाय. ताप हाय तुला. दवाखान्यात चल."

मला वाटलं, म्हातारा रुसला. आदल्याच आठवड्यात त्यांच्या नव्या कवळीवरून मी सगळ्या टोळीला हसवलं होतं. त्याचा राग असा काढायचा, माणूस कळवळत असताना? मी नाही नाही ते बोललो. त्यांनी रिक्षा बोलावली आणि माझ्या शेजारी बसले.

सीटी स्कॅन झाल्यावर डॉक्टरबाईंनी कागदावर मोठं आतडं काढून दाखवलं. वय वाढतं तशा कित्येकांच्या आतड्याला बाहेरच्या अंगानं बारीक पिशव्या येतात, बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. माझी एक पिशवी सुजली होती आणि तिच्या बाजूला पू साठला होता. या दुखण्याला डायव्हर्टिक्युलायटिस म्हणतात. ती पिशवी फुटून पू पोटात पसरला असता तर तातडीचं ऑपरेशन, आतड्याचा तुकडा काढणं, कदाचित काही महिने शौचासाठी पोटावर पिशवी, आणि एवढं करूनही जिवाची खात्री नाही. माझं थोडक्यात निभावलं. सलाइनमधून अँटिबायोटिक, काही दिवस खाणंपिणं बंद आणि पू काढायला पोटात एक बारीक नळी.

"पोट कुणी चोळलं तर नाही ना?" बाईंनी विचारलं. मी नाही म्हणालो आणि भिंतीकडे तोंड केलं. मला स्वतःची लाज वाटली.

नळी निघून घरी आलो, त्या रविवारी तात्या भेटायला आले. मी आधी माफी मागितली.

"कवळीचं व्हय? ते मी तवाच इसरलो."

"मग तुम्हाला कळलं कसं, तात्या?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "धाकट्या भावाचं चोळलं हुतं मी, गावाकडं. ताप हुता त्याला. मला वाटलं, बेंबीच सरकलीय. दुसऱ्या दिवशी गेला. तवापासनं आधी कपाळ बघतो." मग म्हणाले, "आईला मरस्तवर सांगितलं न्हाय."

मी खाटेवरून उतरून त्यांचे पाय धरले. नळीची जखम ताणली जात होती, ते उठ उठ म्हणत होते, पण मला सोडवेना.