पासष्टाव्या वर्षी कानडी

महिन्यात तिसऱ्यांदा दूध उतू गेलं, तेव्हा घरात माझ्याबद्दल बैठक बसली. मी तिथंच होते, भाकरीचा तुकडा हातात धरून, पण कोणी माझ्याशी बोलत नव्हतं.

"आईचं ध्यान ऱ्हात न्हाई आता," मुलगा म्हणाला. "गॅसजवळ एकटं सोडायला नको."

नवरा रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेला. ताटातून वर न बघता तो म्हणाला, "वय झालं की असंच असतंय."

असंच असतंय म्हणे! मी तीस वर्षं नांदेडच्या एका वस्तीत अंगणवाडी चालवली. कोणत्या लेकराला कोणती लस झाली, कोणाची आई बाळंतपणाला गेली, सगळं तोंडपाठ असायचं. निवृत्त होऊन वर्ष झालं न झालं, तर माझ्याच घरात माझ्यावर लक्ष ठेवायची वेळ आली होती.

मुलानं डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरीणबाई मुलाच्याच वयाच्या. त्यांनी तीन शब्द सांगितले, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मग म्हणाल्या, "आता ते तीन शब्द सांगा."

दोन आठवले. तिसरा आठवेचना. मुलाचा चेहरा पडला आणि मला त्याचाच राग आला.

"आज तरी हा स्मृतिभ्रंशाचा आजार आहे असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "सहा महिन्यांनी परत या. तोवर काहीतरी नवीन शिका. पण अवघड पाहिजे. जे डोळे मिटून जमतं, त्यानं भागणार नाही."

घरी आल्यावर मुलानं माझ्या फोनमध्ये मेंदूचा एक खेळ टाकून दिला. एकसारखी फळं शोधायची, जुळली की फोन टाळ्या वाजवायचा. दोन दिवस खेळले. तिसऱ्या दिवशी फोन त्याच्या हातात दिला.

"मी आयुष्यभर लेकरांना हेच शिकवलं. आता मलाच आंबा-पेरू ओळखायला लावतोस?"

"मग काय शिकायचं म्हणतीस?"

"कानडी. लिहायला, वाचायला."

नवरा हसला. "ह्या वयात कानडी शिकून कुठं कलेक्टर व्हायचंय?"

"तुम्ही निवृत्त झाल्यापासून खुर्चीत बसून राहिलाव. मी काही बोलले का?"

कानडी एकदम सुचली नव्हती. माझी माय सीमेपलीकडची, बसवकल्याणच्या बाजूची. निलंग्याजवळच्या आमच्या गावात लग्न होऊन आली. तिचं मराठी मोडकं. विहिरीवर बाया तिची नक्कल करायच्या. म्हणून तिनं चारचौघांत कानडी बोलणं सोडलं. फक्त चुलीपुढं आम्हा लेकरांना म्हणायची, "ऊटा आयता?" जेवण झालं का? तेवढी कानडी माझ्या कानात राहिली. डोळ्यांना मात्र तिचं एक अक्षर ठाऊक नव्हतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बीदरकडची एक बाई इडलीचा गाडा लावते. अकरापर्यंत तिची भांडी रिकामी होतात. मी पाटी घेऊन गेले.

"मला अक्षरं शिकव."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "कामून अक्का? नातवासाठी का?"

"माझ्यासाठी."

तिनं हात पुसले आणि गाड्याच्या कडेला स्टूल ठेवला. पहिल्या दिवशी चार अक्षरं झाली. घरी येईपर्यंत त्यातली तीन गेली. दुसऱ्या दिवशी तीच चार परत. आमची अक्षरं दांड्याला धरून उभी असतात. ही सगळी गोल, कुठून सुरू करावं तेच कळेना. प, व आणि म तर सख्ख्या बहिणी. मी एकीला हाक मारायचे, भलतीच ओ द्यायची. ती बाई हसायची, पण चुकलेलं खोडून परत लिहिल्याशिवाय पुढं जाऊ द्यायची नाही. असं कडक कोणी माझ्याशी कितीतरी दिवसांत वागलं नव्हतं. मला ते लई आवडलं.

तिसऱ्या महिन्यात मात्र मी घाबरले. बाजारातून परतताना ऑटोत बसले. ड्रायव्हरनं विचारलं, "मावशी, कुठं सोडू?" आणि मला आमच्या नगराचं नाव आठवेना. वीस वर्षं ज्या पत्त्यावर राहिले, त्याच्या जागी डोक्यात नुसतं कोरं होतं. तोंडाला आलं म्हणून म्हणाले, "गुरुद्वाऱ्याकडं घे." तिथं उतरले, सावलीत बसले. बऱ्याच वेळानं नाव आपोआप आलं.

घरी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाहेर जाणंच बंद झालं असतं. त्या दिवशी एकदा मनात आलं, घरचे बरोबर म्हणत असतील. बसावं आता गप्प. पण गप्प बसून ते नाव परत थोडंच लवकर येणार होतं? दुसऱ्या दिवशी अकराला मी स्टुलावर होते.

"आज चेहरा उतरलाय अक्का," ती म्हणाली. "राहू द्यायचं का?"

"न्हाई. जोडाक्षरं सुरू कर."

सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तीन शब्द दिले. ह्या वेळी मी तयारीनं गेले होते. प्रत्येक शब्द मनातल्या मनात माझ्या अंगणवाडीत नेऊन ठेवला: एक दारात, एक फळ्याखाली, एक खिचडीच्या पातेल्याजवळ. विचारल्यावर आत जाऊन तिन्ही उचलून आणले. ऑटोची गोष्टही त्यांना सांगितली, मुलासमोर. तो एकदम माझ्याकडं वळला.

"मला कामून सांगितलं न्हाईस?"

"तू मला कोंडून ठेवलं असतंस."

बाई म्हणाल्या, "प्रकृती आहे तिथंच आहे. वाढलं नाही, हे चांगलं. चमत्कार कोणी सांगितला तर ऐकू नका. पण शिकणं सोडू नका. एकट्या जाल तेव्हा पत्ता जवळ ठेवा." पत्ता मी पर्समध्ये ठेवते. त्यात मला कमीपणा वाटत नाही.

दिवाळीनंतर मायच्या माहेरी लग्न निघालं. मुलगा सोबत आला, एकटीला सोडवेना म्हणून. निलंग्याच्या स्टँडवर कर्नाटकची एक बस उभी होती. पाटी नुसती कानडीत. तो कोणाला तरी विचारायला निघाला.

"थांब," मी म्हणाले. पाटीजवळ गेले, बोट हवेत धरलं. "ब… स…" पुढं प का व, तिथं अडले. गाडी घुरघुरायला लागली. "आई, चल ना, मी विचारतो." मी हललेच नाही. खालची रेघ नीट बघितली. "व. बसव… क… ल्या…" ल च्या पोटाखाली य लटकलेला होता. "ण. बसवकल्याण. बस हीच."

तो माझ्या आधी चढला आणि त्यानं मला खिडकीची जागा धरली. सीमा ओलांडल्यावर दोन्ही बाजूंनी गोल अक्षरं सुरू झाली. किराणा, खत, चहा. मी एकेक पाटी मोठ्यानं वाचत सुटले. एका पाटीवर चुकले, तर पुढच्या सीटवरची म्हातारी मागं वळून हसली आणि कानडीत बरोबर शब्द सांगितला. मुलानं हळूच माझ्या हाताला हात लावला. "हळू वाच, लोक बघून राहिलेत."

"बघू दे," मी म्हणाले आणि पुढची पाटी आणखी मोठ्यानं वाचली.