सातच्या वर कुणी नाही

हेरंब टिपणिसांनी आयुष्यात कुणाला दहापैकी दहा दिले नव्हते. सरकारी नोकरीत बदल्या होत होत ते चंदीगडला आले, इथेच निवृत्त झाले, पण गुण देताना हात आखडता तो आखडताच. लग्नानंतर सरलाताईंच्या पहिल्या पुरणपोळीला सहा मिळाले. सुखना तलाव पाहून स्वारी म्हणाली, "ठीक आहे." मराठी मंडळाच्या मोदक स्पर्धेचे ते कायमचे परीक्षक, आणि तिथेही सातच्या वर कुणी गेलं नव्हतं. बायका त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा डबा घेऊन हजर. परीक्षकाची बायकोही स्पर्धेत उतरायची, कारण तिचा वशिला चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता त्यांच्या पोटातल्या कॅन्सरवरचे उपचार थांबले होते. दुखणं हलकं ठेवायचं, एवढंच उरलं होतं. यंदाही परीक्षकाच्या खुर्चीत तासभर बसायचं, ही हेरंबरावांची एकच इच्छा. पण जेवायच्या टेबलाशीसुद्धा त्यांना धड बसवत नव्हतं.

सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलातली डॉक्टर ऋता नागपूरची. पेशंटचं जगणं कसं चाललंय, ते ती दर खेपेला प्रश्न विचारून मोजायची.

"काका, दुखणं दहापैकी किती?"

"चार."

"झोप?"

"बरी. तुझी गं? डोळे सुजलेत तुझे."

ऋता हसली आणि गोळ्या आहेत तशाच ठेवू म्हणाली. सरलाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्रभर उशीचा कोपरा दातांत धरणारा माणूस इथे येऊन चार म्हणतो.

"ऋता, थांब. यांचे चार म्हणजे तुमचे आठ. माझ्या पुरणपोळीला सहा दिले होते, आणि खाल्ल्या होत्या पाच."

"अगं, पुढे वाढायला जागा ठेवावी लागते," हेरंबराव पुटपुटले.

"ती पुरणपोळी होती. दुखण्याला कशाला जागा ठेवताय?"

"आठ," हेरंबराव खाली बघत म्हणाले. ऋताने औषध वाढवलं.

गणपतीत हेरंबराव पाठीशी उशा घेऊन खुर्चीत बसले. प्रत्येक मोदकाचा कण जिभेवर ठेवून त्यांनी रीतसर सगळ्यांना नाराज केलं. सरलाताईंच्या मोदकाशी मात्र ते थबकले. हा माणूस आता निरोपाचे दहा देऊन टाकणार, अशी सरलाताईंना भीती वाटली.

"साडेसहा. पारी जाड झालीय."

सरलाताईंचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या खेपेला ऋताने शेवटचा प्रश्न विचारला, "काका, गेल्या आठवड्यातलं जगणं एकंदर किती?"

"सात."

"माझ्या मोदकाला साडेसहा, आणि जगण्याला सात?" सरलाताई म्हणाल्या.

"मोदक त्यातच धरलाय."

सरलाताईंनी पदराने डोळे टिपले. ऋताने हळूच विचारलं, "काकू, यांचे सात म्हणजे आपले दहा लिहू?"

"नको, सातच लिही," सरलाताई म्हणाल्या. "वाढायला जागा राहू दे."