बांधाच्या पायथ्याचे तीन झिरे

इतकी वर्षं झाली, पण ती घटना काही माझ्या मनातून जात नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूरच्या आमच्या ठाण्यात महिला पोलीस मी एकटीच. आरोपी बाई असली की हाक मलाच!

शहराला पाणी देणारं एक जुनं मातीचं धरण होतं. एक धनगरीण बांधाच्या पायथ्याशी खड्डे खणून बांध पोखरते, अशी खबर तिथल्या चौकीदाराने दिली. पाठोपाठ इंजिनियरसाहेबांची लेखी तक्रार आली आणि बाईला ठाण्यात आणलं. घरात ती एकटी. अटक झाली असती तर तिची मेंढरं वाऱ्यावर.

"खड्डे खणलेस का?"

"खड्डे कशाचे बाई? झिरे हायती ते. प्यायाला पाणी लागतंय की!"

वाळूत हातभर उकरलं की पाणी पाझरतं, तो झिरा. लहानपणी मीही वाटीने झिरे उपसलेत. चालता झिरा कुणी सोडत नाही, हे मला ठाऊक.

"मग तीन कशाला गं?"

"पयल्यात गढूळ याया लागलं. दुसरा काढला, तिसरा काढला, तेच. उपसून हात भरून आले, निवळंचना! चौकीदाराला सांगितलं तर म्हनतो कसा, तुला गाळून देऊ का पानी?"

उपसला की झिरा निवळतोच, आणि इथे तिन्ही गढूळ. मी उठलेच. फौजदारसाहेबांना सांगून इंजिनियरसाहेबांना जागेवर बोलावलं. पंचांसमक्ष झिऱ्याचं पाणी काचेच्या बाटलीत भरलं. थोड्या वेळाने तळाशी काळपट माती बसली आणि इंजिनियरसाहेबांचा चेहराच उतरला. म्हणाले, "मातीच्या धरणातून निवळ पाणी झिरपलं तर चालतं. माती येत असेल तर बांध आतून खचतोय." चौकीदाराच्या वहीत मात्र रोज 'पाझर स्वच्छ'. तो बांधावरूनच बघायचा, पायथ्याला उतरतच नव्हता!

त्याच दुपारी धरणाचा दरवाजा उघडून तलावाची पातळी उतरवायला घेतली. पायथ्याला वाळू-खडीचे थर अंथरले, माती अडावी आणि पाणी तेवढं यावं म्हणून. बाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "म्हंजी लई मोठा झिराच की ह्यो, सायेब!"

साहेब हसले, म्हणाले, "व्हय बाई, तुमचाच." आठवड्याभरात पाणी निवळलं. तक्रार त्यांनी लेखी मागे घेतली.

चौकशीत 'केलंस का?' हे आम्ही सगळेच विचारतो. 'पुन्हा का करावं लागलं?' हे विचारायला मला त्या बाईने शिकवलं. पुढच्या नोकरीत तो प्रश्न मी पुष्कळांना विचारला, आणि त्यातले काही जण संध्याकाळी आपापल्या घरी जेवायला गेले.