एसी चालू, हॉर्न बंद

नांदेडला माझ्या जुन्या गाडीचा एसी पाहणारा मेकॅनिक एक नियम पाळतो. खराबी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो पान्याला हात लावत नाही. माझा एसी रस्त्यात मधूनच बंद पडायचा आणि त्याच्या दारात मात्र गार हवा द्यायचा. “गाडी मला भिऊन राहिली, भाऊ,” असं म्हणून तो बॉनेट लावून टाकायचा.

मे महिन्यात आईला हृदयाच्या तपासणीसाठी लातूरला न्यायचं होतं. उष्णता तिला सोसत नव्हती. हे सांगताच तो माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसला.

लोह्याच्या पुढे एसी बंद पडला. “घावली!” तो आनंदाने ओरडला. मागे आई पदराने वारा घेत होती. ते पाहून त्याने गाडी थांबवायला लावली आणि तो खाली उतरला. एसीला करंट देणारा रिले तापून काम सोडत होता. त्याने तो काढला आणि त्याच्या जागी हॉर्नचा रिले बसवला. गार हवा सुरू झाली.

“आता हॉर्न वाजणार न्हाई,” तो म्हणाला.

“मग रे लेकरा?” आईने विचारलं.

“मी हाय की, मावशी.”

पुढे ट्रॅक्टर किंवा म्हशी दिसल्या की तो काच खाली करून “ओ मामा, सरका!” असं ओरडायचा आणि थंडावा जाऊ नये म्हणून काच लगेच वर घ्यायचा.

लातूरला आई उतरली तेव्हा तिच्या अंगावर घाम नव्हता. त्याचा आवाज बसला होता. आईने पिशवीतली खडीसाखर त्याच्या हातावर ठेवली.